शाश्वत अन्न उत्पादनात पदव्युत्तर शिक्षण : मुंबईच्या विद्यार्थ्यानं वाट कशी आखावी

‘शाश्वत अन्न उत्पादन प्रणाली’ अशी पाटी लावलेला विभाग शोधत मुंबईभर फिरलात, तरी हाती फारसं काही लागणार नाही. हा विषय आपल्याकडे तुकड्यातुकड्यांत शिकवला जातो. माती आणि पीक कृषी विद्यापीठात, मासळी वर्सोव्याला, प्रक्रिया माटुंग्याला, धोरण देवनारला. त्यामुळे शेतापासून ताटापर्यंतच्या साखळीतली कोणती कडी धरायची हे आधी ठरवा. कडी ठरली की संस्था, प्रवेशपरीक्षा आणि मार्गदर्शक बऱ्याच अंशी ठरून जातात. अभ्यासक्रमाच्या नावावर भाळून शिरणाऱ्यांना बहुधा पहिल्या सहामाहीत उमगतं की आपल्याला मातीत हात घालायचे होते आणि आपण तर धोरणाचे अहवाल वाचत बसलोय. किंवा नेमकं याच्या उलट.

पहिली पदवी कुठवर नेते

सगळ्यात मोठी भिंत इथेच आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. कृषी विद्यापीठातल्या एमएस्सी (कृषी)साठी बहुतेक विषयांत चार वर्षांची कृषी किंवा तिच्याशी संलग्न पदवी लागते. मुंबई विद्यापीठातून वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन तीन वर्षांची बीएस्सी केलेल्याला मृदाशास्त्र किंवा कृषिविद्या (म्हणजे पीक लागवडीचं शास्त्र) हे विषय सहसा मिळत नाहीत, गुण कितीही असोत. जैवरसायन, जैवतंत्रज्ञान यांसारख्या मोजक्या विषयगटांत मूलभूत विज्ञानाच्या पदवीधरांना वाव असतो. म्हणून माहितीपत्रकातला पात्रतेचा तक्ता आपल्या विषयगटापुढे बोट ठेवून वाचा. ‘विज्ञान पदवीधर पात्र’ असं कुणाच्या तोंडून ऐकून परीक्षेचं शुल्क भरू नका.

कृषी पदवी असेल तर दोन वाटा आहेत. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांतले प्रवेश पुण्याच्या महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषदेच्या प्रक्रियेतून होतात. देशभरातल्या कृषी विद्यापीठांतल्या अखिल भारतीय वाट्यासाठी आणि दिल्लीच्या पुसासारख्या संस्थांसाठी आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची, एआयईईए-पीजी ही परीक्षा आहे. मुंबईकराला सगळ्यात जवळचं दापोलीचं विद्यापीठ, म्हणजे १९७२ साली स्थापन झालेलं कोकण कृषी विद्यापीठ. त्याचं कर्जतचं प्रादेशिक संशोधन केंद्र भातासाठी ओळखलं जातं आणि ते लोकलच्या टप्प्यात आहे. ही गोष्ट पुढे प्रबंधाच्या वेळी फार कामाला येते.

मत्स्यशास्त्राची पदवी असेल तर वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था. ती १९६१ सालची असून १९८९पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. मत्स्यसंवर्धन, खाद्य-व्यवस्थापन, मासेमारीनंतरची हाताळणी यांवर इतकं सखोल काम देशात मोजक्याच ठिकाणी चालतं. इथलाही प्रवेश आयसीएआरच्या परीक्षेतूनच होतो.

अभियंत्यांसाठी माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा अन्न अभियांत्रिकी विभाग आहे. जुनी मंडळी या संस्थेला अजून यूडीसीटीच म्हणतात. पवईच्या आयआयटीतलं सीटारा हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्रही पाहावं. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची गेट परीक्षा देताना पेपरची निवड जपून करा. अन्न तंत्रज्ञानाचा स्वतंत्र पेपर नाही. तो एक्सई (अभियांत्रिकी विज्ञान) या पेपरचा जी विभाग आहे. एक्सईमध्ये अभियांत्रिकी गणित सक्तीचं, १५ गुणांचं. उरलेल्यांतून दोन विभाग निवडायचे, प्रत्येकी ३५ गुणांचे, आणि सामान्य क्षमतेचे १५. म्हणजे अन्न तंत्रज्ञान कितीही पक्कं असलं तरी दुसऱ्या एका विभागाची तितकीच तयारी लागते. उष्मागतिकी किंवा द्रायुगतिकी घेणं सोयीचं, कारण अन्नप्रक्रियेत दोन्ही लागतातच. कृषी अभियंत्यांना एजी हा स्वतंत्र पेपर आहे. गेटचे गुण तीन वर्षं चालतात.

तीन वर्षांची बीएस्सी किंवा बीए झालेल्यांसाठी मुंबईत सगळ्यात मोकळी वाट टिसची, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेची. देवनारच्या आवारात हवामानबदल आणि शाश्वततेच्या अंगानं अन्नव्यवस्थेचा अभ्यास करता येतो. अन्नशास्त्र आणि पोषणाकडे ओढा असलेल्या विद्यार्थिनींना एसएनडीटीचं जुहूचं आवार आहे. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचा अन्न तंत्रज्ञानाचा एमएस्सी अभ्यासक्रम पाहावा.

नोकरीचं एक आताच सांगून ठेवतो, कारण त्याचं मूळ याच भिंतीत आहे. बँकांतली कृषी क्षेत्र अधिकाऱ्याची पदं आणि राज्याच्या कृषी सेवेतल्या जागा पहिल्या पदवीवर ठरतात. बीएस्सी रसायनशास्त्रानंतर शाश्वत शेतीत कितीही उत्तम पदव्युत्तर पदवी घेतली तरी ते दार उघडत नाही. अशांना कंपन्यांच्या शाश्वतता विभागात अधिक वाव आहे. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीनं बाजारमूल्यानुसार वरच्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३पासून बीआरएसआर हा शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. त्यातली आकडेवारी गोळा करून ती तपासू शकणारी माणसं मुंबईतच लागतात. प्राध्यापकी किंवा संशोधनाकडे जायचं असेल, तर ज्या विषयात नेट द्यायची त्याच किंवा त्याच्या जवळच्या विषयात पदव्युत्तर पदवी घेणं सोयीचं.

कागदपत्रं : वर्ष वाया घालवणाऱ्या बारीक गोष्टी

नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते आणि प्रवेश जून-जुलैत होतात. फेब्रुवारीत ‘आहे की माझ्याकडे’ म्हणून निश्चिंत राहिलेला विद्यार्थी कागदपत्र तपासणीच्या रांगेत अडकतो. एप्रिल उजाडला की लगेच नव्यासाठी अर्ज टाका. दुसरी गोम अशी की राज्याचा आणि केंद्राचा नमुना वेगळा आहे. आयसीएआर, गेट आणि केंद्रीय संस्थांना केंद्राच्या नमुन्यातलंच प्रमाणपत्र लागतं, आणि राज्याच्या ओबीसी यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही. ते आधी पडताळा. आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्रही त्या-त्या आर्थिक वर्षापुरतंच असतं.

ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा विद्यापीठानं साक्षांकित केलेला उतारा. मुंबई विद्यापीठाचं हे काम कालिन्याच्या विद्यानगरीतून होतं. एखाद्या सत्रात एटीकेटी असेल तर तेव्हाची आणि नंतरची अशा दोन्ही गुणपत्रिका लागतात. हरवलेल्या गुणपत्रिकेची दुय्यम प्रत मिळवायला वेळ लागतो, म्हणून अर्जाच्या किमान तीन महिने आधी फाईल उघडून बसा. नावातला फरकही आत्ताच मिटवा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पारपत्रावर शेवटी, आधारवर वडिलांचं नावच नाही, असा घोळ परदेशी दूतावासात फार महाग पडतो.

परदेशी जायचं असेल तर

नेदरलँड्सचं वाखेनिंगन विद्यापीठ या क्षेत्रात अग्रणी आहे, पण युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना तिथलं शुल्क जड जातं. जर्मनीत ग्योटिंगेन आणि कासेल ही विद्यापीठं मिळून शाश्वत आंतरराष्ट्रीय शेतीचा अभ्यासक्रम चालवतात. होहेनहाइममध्ये सेंद्रिय शेती आणि अन्नप्रणालीचा आहे. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे ऐकून अर्ज करणाऱ्यांनी नकाशा उघडावा. होहेनहाइम बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे आणि ते राज्य २०१७पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १५०० युरो घेतं.

आपले गुण जर्मन पद्धतीत किती होतात हे घरीच काढता येतं. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्ण गुणांमधल्या फरकानं भागा, तीननं गुणा आणि एक मिळवा. दहापैकी सीजीपीए ८.२ आणि उत्तीर्णतेची मर्यादा ४ धरली तर १.८ भागिले ६ म्हणजे ०.३. तिप्पट केल्यावर ०.९ आणि एक मिळवून १.९. तिकडे आकडा जितका लहान तितका चांगला. बरेच अभ्यासक्रम २.५ची अट घालतात, म्हणजे आपल्याकडचे ७.०. पण उत्तीर्णतेची मर्यादा गुणपत्रिकेच्या मागे काय छापली आहे ते पाहूनच आकडा घाला. ४ऐवजी ५ असेल तर त्याच ७.०चे २.८ होतात आणि अर्ज बाद.

तीन वर्षांची पदवी काही विद्यापीठं स्वीकारतात, काही चार वर्षांचीच मागतात. नव्या शैक्षणिक धोरणातलं चौथं वर्ष घेण्याचा पर्याय असेल, तर परदेशाचा विचार असणाऱ्यानं तो सहज सोडू नये. जर्मन व्हिसासाठी भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं पडताळल्याचा दाखला, लागतं. शिवाय ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, हा २०२४च्या सप्टेंबरपासूनचा आकडा आहे.

डाड या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेच्या विकासविषयक शिष्यवृत्तीसाठी साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शेवटची पदवी सहा वर्षांहून जुनी चालत नाही. ब्रिटनच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीलाही दोन वर्षांचा, म्हणजे २८०० तासांचा अनुभव हवा. पदवीनंतर दोन वर्षं एखाद्या संस्थेत किंवा कंपनीत काम करून मग जाणं यामुळेच शहाणपणाचं ठरतं. राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्यांना विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. शेतीत नावाजलेली छोटी विद्यापीठं सर्वसाधारण क्रमवारीत मागे दिसतात, म्हणून आधी यादी आणि मग अर्ज.

प्रबंध : खरं शिक्षण इथे होतं

आयसीएआरच्या सुधारित रचनेत पदव्युत्तर पदवीच्या ७० श्रेयांकांपैकी ३० प्रबंधाचे आहेत. तरीही विद्यार्थी विषय सगळ्यात शेवटी ठरवतात आणि हंगाम हातचा जातो. कोकणात भाताची रोपवाटिका जूनमध्ये पडते, लावणी जुलैत होते, कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. संशोधन आराखड्याला सल्लागार समितीची मंजुरी ऑगस्टमध्ये मिळाली तर तुमचा खरीप गेला, थेट पुढच्या जूनपर्यंत. मासळीवर काम असेल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यावर नमुने मिळण्याची आशा धरू नका. आराखडा लिहिताना पहिल्या पानावर बारा महिन्यांचा तक्ता काढा आणि मगच उद्दिष्टं लिहा.

मार्गदर्शकाला पाठवायचं पत्र दहा ओळींचं पुरे. त्यांचा एक शोधनिबंध वाचून त्यात न सुटलेला एक प्रश्न, तुम्हाला येणारं एक तंत्र आणि कोणत्या हंगामात काम करू इच्छिता, एवढंच. ‘आपल्या थोर मार्गदर्शनाखाली’ वगैरे वाक्यं असलेली पत्रं त्यांच्याकडे रोज येतात.

शेतातला प्रयोग आखताना नवशिका हमखास पुनरावृत्तींमध्ये काटकसर करतो. यादृच्छिक गट रचनेत (म्हणजे प्रत्येक गटात वाफ्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या प्रयोगात) पाच प्रक्रिया, म्हणजे तुलनेसाठीचे पाच उपचार, आणि तीन पुनरावृत्ती घेतल्या तर त्रुटीचे मुक्तिअंश (डिग्रीज ऑफ फ्रीडम) चार गुणिले दोन म्हणजे आठच उरतात. ते किमान बारा हवेत असा संकेत आहे. तेव्हा चौथी पुनरावृत्ती घ्या, चार गुणिले तीन, झाले बारा. वीस वाफे, प्रत्येकी १२ चौरस मीटर, म्हणजे २४० चौरस मीटर, आणि बांध-पाट धरून साधारण चार गुंठे. कापणीत कडेच्या ओळी वगळा, कारण त्यांना ऊन आणि खत जास्त मिळतं आणि उत्पादन फुगतं. धान्याचं वजन १४ टक्के ओलाव्यावर आणूनच तुलना करा. २० टक्के ओलाव्याचं ५ किलो भात म्हणजे ५ गुणिले ८० भागिले ८६, म्हणजे ४.६५ किलो. हे न करता पावसात कापलेला वाफा आणि उन्हात कापलेला वाफा यांची तुलना केली, तर तुम्ही पाऊस मोजलात, खत नव्हे.

मातीचा नमुना ०-१५ सेंटिमीटरचा, शेतात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणांहून. सगळा एकत्र करून चार भाग पाडत, समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोवर आणा. सावलीत वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळा. सेंद्रिय कर्बासाठी त्यातलाच थोडा भाग आणखी बारीक, ०.५ मिलिमीटरचा. कोकणच्या जांभ्या मातीत घाटावरच्या सवयीनं स्फुरद ओल्सेन पद्धतीनं काढू नका. ती उदासीन ते विम्ल मातीसाठी आहे. आम्ल मातीला ब्रे पद्धत लागते. प्रयोगशाळेला नमुना देताना कुठली पद्धत ते चिठ्ठीवर लिहा, नाहीतर त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं आकडा येईल आणि तो कागदावर अगदी खरा दिसेल.

पाणी आणि तुंबलेल्या भातखाचरातून सुटणारा मिथेन यांवरचे विषय सध्या जोरात आहेत. भातखाचर आलटून पालटून ओलं-कोरडं ठेवायचं, पाण्याची पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटरवर गेली की पुन्हा पाणी द्यायचं, असं हे तंत्र. पातळी छिद्रं पाडलेल्या नळीत पाहतात. सिंचनाच्या प्रदेशात ते चालतं. कर्जतच्या खरिपात, जिथे हंगामात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तिथे खाचर कोरडं करणार कसं? हा प्रयोग करायचाच असेल तर उन्हाळी भातात करा. वायूचे नमुने बंद पेटीतून ०, १०, २०, ३० मिनिटांनी घेतात. चारही बिंदू सरळ रेषेत येत नसतील तर पेटीची कड चिखलात नीट बसलेली नाही, किंवा तुमच्या पावलांनी बुडबुडे सुटले. आधी पायाखाली फळी टाका.

आता खतातून होणाऱ्या उत्सर्जनाच्या हिशेबाकडे. हेक्टरी १०० किलो नत्र धरा, म्हणजे सुमारे २१७ किलो युरिया. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल मंडळाच्या सर्वसाधारण गुणकानं त्यातला १ टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपातलं नत्र म्हणून उडतो. नत्राचं वजन वायूच्या वजनात बदलायला १ किलोला ४४ भागिले २८नं गुणलं की १.५७ किलो वायू. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापमानवाढ करतो, म्हणून त्याला २७३नं गुणलं की ४२९ किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापमानवाढीचा भार. वांग्याच्या शेताला हे ठीक. पण पाणी तुंबलेल्या भाताला आयपीसीसीनं २००६ साली वेगळा गुणक दिला आहे, ०.३ टक्के. तो वापरला तर आकडा १२९ वर येतो. भातात मुख्य वायू मिथेन आहे आणि तो वेगळा मोजायचा. एक टक्का सगळीकडे चिकटवणारे प्रबंध मौखिक परीक्षेत इथेच घसरतात.

जीवनचक्र मूल्यांकनात, म्हणजे उत्पादनाच्या सगळ्या टप्प्यांवरचा पर्यावरणावरचा भार मोजण्यात (ज्याला सगळे एलसीए म्हणतात), पहिलाच निर्णय एककाचा. एका कल्पित उदाहरणानं बघा. एका शेतात हेक्टरी ४ टन भात आणि ६ टन उत्सर्जन, दुसऱ्यात अडीच टन भात आणि साडेचार टन उत्सर्जन. हेक्टरी पाहिलं तर दुसरं शेत चांगलं. किलोमागे पाहिलं तर पहिलं १.५, दुसरं १.८, म्हणजे निकाल उलटा. दोन्ही एककं द्या आणि का दिली ते लिहा. फक्त सोयीचं एकक देणं ही लबाडी आहे, आणि बाहेरचा परीक्षक ती पहिल्या पाच मिनिटांत पकडतो. मग पेंढ्याचा प्रश्न. तो तबेल्याला विकला जात असेल तर उत्सर्जनाचा काही वाटा त्याच्या खात्यावर टाकावा लागतो, वजनानं की किमतीनं ते आधी ठरवून. हद्दही लिहून ठेवा. वाशीच्या बाजारसमितीपर्यंतचा टेम्पो धरला आहे का, शिजवायचा गॅस धरला आहे का?

नासाडीवर काम करणाऱ्यांनी वाशीला भर दुपारी जाऊ नये. भाजीची आवक रात्री सुरू होते, व्यवहार पहाटे होतात आणि दुपारी उरतो तो कचरा. कचरा मोजून नासाडी कळत नाही, कारण कुठल्या आवकेतला तो, हे माहीत नसतं. एकाच गाडीचे ठरावीक क्रेट उतरताना तोला, गाळ्यावर निवडल्यानंतर पुन्हा तोला. गाळाधारक, अडत्या आणि माथाडी या तिघांशीही आधी बोलून घ्या. ‘किती टक्के खराब होतं?’ असं विचारलं तर अंदाजे आकडा मिळतो. ‘आज या गाडीतले किती क्रेट काढून टाकले?’ असं विचारा.

आकडेवारीच्या विश्लेषणासाठी आर आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस ही दोन्ही मोफत साधनं पहिल्याच सत्रात शिकून घ्या. नोंदवहीतल्या नोंदी शेतातून परतल्यावर त्याच रात्री संगणकात भरा आणि पानाचा फोटो काढून ठेवा. लोकलमध्ये विसरलेली वही सहसा परत मिळत नाही.

आणि नमुने. धान्य आणि माती मौखिक परीक्षा होईपर्यंत टाकू नका. परीक्षकानं शंका काढली तर पुन्हा तपासणी करता आली पाहिजे. मुंबईच्या पावसाळी हवेत कागदी पिशवीतल्या नमुन्याला दोन आठवड्यांत बुरशी धरते. पूर्ण वाळलेला नमुना दुहेरी प्लॅस्टिक पिशवीत घाला. चिठ्ठ्या दोन ठेवा, एक दोन पिशव्यांच्या मधे आणि एक बाहेर चिकटवून, आणि दोन्ही पेन्सिलीनं लिहा. शाई पसरते.